वाऱ्याचा कौल आणि हरणांची चराई

वैशाख पौर्णिमेची रात्र. राज्यातील अभयारण्यांत आणि व्याघ्र प्रकल्पांत पाणवठ्यांच्या काठी मचाणे बांधलेली असतात आणि शहरांतून आलेले निसर्गप्रेमी त्यांवर रात्रभर जागत बसलेले असतात. वन विभागाने ‘निसर्गानुभव’ असे नाव दिलेल्या या उपक्रमात पहाटे प्रत्येक मचाणावरून नोंदींचा तक्ता खाली उतरतो. एकाच जंगलातल्या, एकाच रात्रीच्या, फारसे अंतर नसलेल्या दोन पाणवठ्यांच्या नोंदी पुष्कळदा एकमेकींशी जुळत नाहीत. एका तक्त्यात चितळांचे कळप, सांबरे, रानडुकरे यांची रांग लागलेली, तर दुसऱ्यात दोन मोर आणि एक मुंगूस. ज्यांच्या वाट्याला दुसरा तक्ता येतो ते नशिबाला बोल लावतात. मचाणावर सोबत बसलेला जाणता वनमजूर मात्र फारसा नवल करीत नाही. त्याने सायंकाळीच मूठभर धूळ बोटांमधून सोडून पाहिलेली असते आणि ती कोणत्या बाजूला वाहत गेली हे त्याच्या ध्यानात असते.

पाणवठ्यावर सांबर आलेच नाही, असे मचाणावरच्या मंडळींना वाटते. प्रत्यक्षात ते येऊन गेलेले असण्याची शक्यता मोठी असते. काठापासून पन्नास-साठ पावलांवरच्या करवंदीच्या जाळीत ते उभे राहते, नाक उंचावते, वाऱ्यावरून आलेला साबणाचा, तंबाखूचा, घामाचा वास घेते आणि एकही काटकी न मोडता माघारी वळते. डोळ्यांना न दिसलेली ही भेट तक्त्यात कोठेच नोंदली जात नाही. हरणांच्या वावराविषयी बोलताना गवत किती, पाणी किती, झाडोरा किती याचा हिशेब नेहमी मांडला जातो. परंतु ज्या कुरणात गवत गुडघाभर आहे ते कुरण आज चरण्याजोगे आहे की नाही, याचा निवाडा गवतावरून होत नसतो. तो बहुतांशी वाऱ्यावरून होतो.

येथे एक खुलासा करणे इष्ट. मराठीत ‘हरीण’ हा शब्द ऐसपैस आहे. ज्यांची शिंगे दरवर्षी गळून नव्याने उगवतात ते चितळ, सांबर आणि भेकर हे मृगकुळातले प्राणी. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि विदर्भात जिला रोही म्हणतात ती नीलगाय यांची शिंगे आयुष्यभर कायम राहतात आणि ती मंडळी गाई-बकऱ्यांच्या गोतातली. प्रस्तुत विवेचन मुख्यतः पहिल्या गटाचे, त्यातही ताडोबा, पेंच, मेळघाट या जंगलांत सर्वत्र आढळणाऱ्या चितळ-सांबरांचे आहे. तथापि त्यातील बराचसा भाग दुसऱ्या गटालाही लागू पडतो.

वास म्हणजे काय, तर पदार्थापासून सुटून हवेत मिसळलेले रेणू. ते नाकातल्या ओलसर पडद्यावर येऊन बसतात आणि तेथील ग्राही प्रथिनांना जाऊन भिडतात. या प्रथिनांची जनुके शोधून काढणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी कार्यक्षम जनुके चारशेच्या आसपास आहेत. हरणांच्या दूरच्या भाऊबंदांमध्ये, म्हणजे गाईगुरांमध्ये, त्यांची संख्या हजाराच्या जवळ जाते. त्यात हरणाचे लांबट तोंड, आतल्या हाडांच्या नाजूक गुंडाळ्यांवर पसरलेला विस्तीर्ण पडदा आणि सदैव ओली राहणारी नाकपुड्यांची कड यांची भर पडते. ओलाव्यावर रेणू चटकन टिकतात. म्हणूनच हरीण वारंवार जिभेने नाक चाटताना दिसते. ती त्याच्या हत्याराला दिलेली धारच म्हणायची.

शिवाय टाळूच्या वर आणखी एक इंद्रिय असते, जेकबसनचे इंद्रिय. माजाच्या दिवसांत चितळाचा नर मादीच्या मूत्राचा वास घेऊन वरचा ओठ दुमडतो आणि मान वर करून क्षणभर स्तब्ध राहतो. पर्यटकांना तो हसल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो तो वास या दुसऱ्या इंद्रियाकडे पोहोचवीत असतो.

हरणे वास केवळ घेत नाहीत, मागे ठेवूनही जातात. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याखाली असलेल्या ग्रंथी सांबरात विशेष मोठ्या असतात. नर चवताळला अथवा मादी पिलाला पाजत असली, की त्या उलटून बाहेर आलेल्या दिसतात. चितळाच्या मागच्या पायांच्या खुरांमध्ये ग्रंथी असतात. कळप ज्या वाटेने कुरणात शिरतो त्या वाटेवर प्रत्येक पावलागणिक त्याची खूण उमटत जाते. मागे राहिलेले पाडस रात्रीच्या अंधारात आपल्या गोतावळ्यापर्यंत पोहोचते, त्यात हाकेचा वाटा असतो तसा या वाटेचाही असतो. मोहाच्या किंवा ऐनाच्या खाली वाकलेल्या फांदीला शिंगे आणि तोंड घासणारा, प्रसंगी मागच्या दोन पायांवर उभा राहून पानांत डोके खुपसणारा चितळ नर अनेकांनी पाहिला असेल. जॉर्ज शेल्लर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ या काळात कान्हा येथे राहून केलेल्या अभ्यासात या वर्तनाच्या नोंदी आहेत. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘द डीअर अँड द टायगर’ हा ग्रंथ भारतीय हरणांच्या अभ्यासाचा पाया मानला जातो.

नाक कितीही तिखट असले तरी वास त्याच्यापर्यंत पोहोचवणारा वाहक हवा. संपूर्ण निश्चल हवेत रेणू आपल्याआप पसरू लागले तर एक मीटर अंतर ओलांडायला त्यांना तासन्‌तास लागतील. सेकंदाला दोन मीटर वेगाची, झाडाची पाने जेमतेम हलविणारी झुळूक तोच वास शंभर मीटरवर पन्नास सेकंदांत नेऊन टाकते. मात्र ही वाहतूक सरळ रेषेत होत नाही. उदबत्तीच्या धुराकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते: आरंभी एकसंध असलेली धुराची रेघ पुढे विस्कटते, तिचे धागे होतात, मध्ये मोकळ्या जागा पडतात. वाऱ्यावरचा वासही असाच तुटक, धाग्याधाग्यांनी येतो. एक हुंगणी रिकामी जाते, दुसरीत धागा सापडतो. चरता चरता चितळ मान वर करून उभे राहते आणि काही क्षण काहीच करीत नाही असे वाटते, तेव्हा ते अशा तुटक धाग्यांची जुळणी करीत असते.

हवेची प्रत काय आहे यावरही बरेच अवलंबून. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी जमीन तापून हवा वरवर उसळत असते, वावटळी उठत असतात; अशा वेळी वास जमिनीलगत टिकत नाही, कोठून आला तेही कळत नाही. दिवस मावळला, जमीन निवू लागली, की जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली जणू झाकणाखाली अडकते आणि वास आडवा, दूरवर पसरत जातो. नाल्यांच्या, ओढ्यांच्या खोलगट भागांत तो साचून राहतो. पाऊस पडून गेल्यावरच्या दमट हवेत तो अधिक जाणवतो. मुसळधार पाऊस मात्र वाटेवरच्या खुणा धुऊन नेतो. चितळे आणि सांबरे सायंकाळी चरण्यास बाहेर पडतात याचे मुख्य कारण उन्हाची काहिली ओसरते हे आहेच. परंतु ज्या वेळी ती बाहेर पडतात, नेमकी त्याच वेळी हवा वाचण्याजोगी झालेली असते, हा योगही दुर्लक्षिण्यासारखा नाही.

मेळघाटासारख्या डोंगराळ मुलखात हा खेळ घड्याळासारखा चालतो. सूर्य वर आला, की उतार तापतात आणि हवा दरीतून माथ्याकडे चढू लागते. सूर्य कलला, की उतार निवतात आणि जड झालेली हवा माथ्याकडून दरीत उतरू लागते. दुपारी वरच्या अंगाला सावलीत रवंथ करीत बसलेल्या सांबराला खालच्या ओढ्याची, तेथल्या पाण्याची, गवताची आणि तेथे दबा धरून बसलेल्या कोणाचीही खबर विनासायास पोहोचत असते. उन्हे उतरता उतरता, वारा फिरण्याच्या आधी, ते खाली सरकू लागले तर सारी वाट त्याला वारा तोंडावर मिळतो. पहाटे उलट. रात्रभर खाली चरून ते वर परतू लागते तेव्हा माथ्यावरून उतरणारी थंड हवा पुन्हा त्याच्या नाकासमोर असते. संधिकाळच्या अर्ध्या-पाऊण तासात वारा ना धड वर ना धड खाली अशी स्थिती असते. त्या वेळी सांबरे ओढ्याच्या कडेला ताटकळत उभी राहतात, असे जुन्या शिकाऱ्यांचे निरीक्षण होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली हे योग्यच झाले. पण वाऱ्याविषयीचे ते बारीक ज्ञान बहुतांशी त्या पिढीबरोबर गेले. ते कोणी टिपून ठेवले असते तर आज उपयोगी पडले असते.

हरीण नेहमी वारा तोंडावर घेऊनच चालते, असा मात्र सरसकट नियम सांगता येणार नाही. वारा बदलला म्हणून कोणी प्राणी चरणे सोडून दिशाहीन भटकत नाही. त्याला पाणी, सावली आणि सोबत यांचाही विचार असतो. विश्रांतीच्या वेळी तर पुष्कळदा वारा पाठीवर घेऊन बसलेले हरीण आढळते. मागून येणाऱ्याची वर्दी नाकाला, समोरून येणाऱ्याची डोळ्यांना, आणि दोन्ही बाजूंसाठी सतत फिरते कान, अशी ही वाटणी. नाक, कान आणि डोळे यांच्यापैकी वारा सोसाट्याचा सुटला, की तिन्ही एकदम अधू होतात. पाने सळसळतात, गवत हलते, वासाचे धागे तुटतात. अशा दिवशी कळप बुजरा होतो, वारंवार माना वर होतात, एखादे सागाचे वाळके पान पडले तरी सगळे उधळतात. खाण्यासाठी मिळणारा वेळ त्या प्रमाणात घटतो.

चितळ आणि सांबर यांनी या अडचणीवर काढलेले उपाय भिन्न आहेत. चितळ कळपाने राहतो आणि रात्री मोकळ्या मैदानात येऊन बसतो. ताडोबात नवेगाव, जामणी या गावांचे स्थलांतर झाल्यावर त्यांच्या शेतांच्या जागी विस्तृत कुरणे तयार झाली; सायंकाळी झाडीच्या कडेने चितळे तेथे उतरतात, ती अशीच. मोकळ्या जागेत दबा धरायला आडोसा नाही आणि तीस-चाळीस नाके वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून चरत असतात. वारा कोठूनही आला तरी कोणाच्या तरी नाकावर येतोच. सांबर एकेकटे किंवा दोन-तिघांच्या जथ्याने दाट झाडीत वावरते. तेथे डोळ्यांना दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. साहजिकच त्याचा सारा भरवसा नाकावर आणि कानावर असतो. वास संशयास्पद वाटला तर ते लगेच पळत नाही. पुढचा पाय जमिनीवर आपटते, शेपटी ताठ करते आणि खात्री पटल्यावर त्याची ती खणखणीत हाक देते, जिच्यावर वाघ शोधणाऱ्या साऱ्या वाटाड्यांची भिस्त असते.

चितळाने आणखी एक युक्ती साधली आहे. वानरांचा कळप ज्या झाडावर असेल त्याच्या खाली चितळे हटकून सापडतात. वानर हा मोठा उधळ्या. अर्धे खातो, अर्धे टाकतो. ती पाने, फुले, फळे चितळाला आयती मिळतात. उंचावर बसलेल्या वानराचे डोळे आणि जमिनीवरच्या चितळाचे नाक अशी पहाऱ्याची भागी जमते. कान्ह्यात या सहवासाचा पद्धतशीर अभ्यास पॉल न्यूटन यांनी केला आणि तो १९८९ साली प्रसिद्ध झाला.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागतात आणि जंगलातले चराईचे सारे नकाशे बदलतात. रसाने भरलेली ही फिकट फुले मुख्यतः पहाटे पडतात. त्यांचा गोडसर, जड वास निवलेल्या हवेतून दूर जातो आणि चितळ, सांबर, भेकर, अस्वल, सगळेच त्या झाडाखाली गोळा होतात. ज्या झाडाखाली हरणे येणार त्या झाडाच्या आसपास वाघ-बिबट्याही येणार, हे उघड आहे. येथे निसर्गाने एक विलक्षण योगायोग करून ठेवला आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलेले रतनलाल ब्रह्मचारी हे सत्येंद्रनाथ बोस यांचे शिष्य. भौतिकशास्त्राकडून ते जीवशास्त्राकडे वळले आणि वाघाच्या वासाच्या अभ्यासाला त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे दिली. ओरिसातील सिमिलिपाल येथे सरोज राज चौधुरी यांच्या घरी वाढलेल्या खैरी या वाघिणीचेही निरीक्षण त्यांनी केले होते. वाघ झाडांवर मागच्या बाजूने जो फवारा उडवितो, त्यात बासमती तांदळाला सुगंध देणारा ‘टू-ॲसिटाइल-वन-पायरोलीन’ हा रेणू असल्याचे त्यांनी दाखवून दिले. आपल्या आंबेमोहोराच्या भाताचा दरवळ त्याच रेणूचा. आणि मोहाच्या फुलातही तोच रेणू सापडतो.

मग मोहाकडे निघालेले चितळ फसत नाही काय? त्याचे उत्तर असे, की कोणतेही नाक एकटा रेणू वाचीत नाही. ते मिश्रण वाचते. वाघाच्या फवाऱ्यात त्या सुगंधी रेणूबरोबर मेदयुक्त द्रव्ये, अमाइने आणि इतर बरेच काही असते. त्यांपैकी ‘टू-फिनाइलइथिलअमाइन’ हे द्रव्य मांसाहारी प्राण्यांच्या मूत्रात विशेष प्रमाणात असते आणि कुरतडणारे प्राणी केवळ त्याच्या वासानेही दूर पळतात, असे अमेरिकेतील स्टीफन लिबर्लेस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी अडतीस जातींच्या सस्तन प्राण्यांचे मूत्र तपासले होते. जपानमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लांडग्याच्या मूत्रातील पायराझीन गटाच्या द्रव्यांचे मिश्रण होक्काइडोच्या हरणांच्या खाद्याजवळ ठेवण्यात आले, तेव्हा ती बिचकली आणि तिकडे फिरकेनाशी झाली. त्याहून मार्मिक प्रयोग १९९४ चा. कोल्ह्या-लांडग्यांच्या गोतातल्या कोयोटला काही दिवस मांस आणि काही दिवस केवळ फळे खाऊ घालण्यात आली. मांसाहाराच्या दिवसांतले मूत्र घातलेल्या खाद्याला लहान शाकाहारी प्राण्यांनी तोंड लावले नाही. फळांच्या दिवसांतल्या मूत्राची त्यांनी फारशी पर्वा केली नाही. भक्ष्याला शत्रूची जात कळते, इतकेच नव्हे, त्याच्या पोटात काय गेले आहे याचाही अंदाज येतो.

वाघालाही वाऱ्याचे भान असते का, हा प्रश्न जुना आहे. जिम कॉर्बेट यांनी १९४४ च्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या पुस्तकात मांडलेले मत प्रसिद्ध आहे. माणसाला वासाची शक्ती जवळपास नाही हे वाघाला ठाऊक नसते. म्हणून नरभक्षक वाघ माणसाशीही हरणासारखाच वागतो आणि आपला वास त्याला लागणार नाही अशा बाजूने येतो, असे त्यांचे म्हणणे. धोका कोणत्या दिशेने संभवतो हे त्यांनी स्वतः याच हिशेबाने ठरविले. उलट शेल्लर यांना सेरेंगेटीतल्या सिंहांविषयी वेगळेच आढळले. शिकारीला निघताना सिंह वाऱ्याची दिशा पाहात नाहीत. मात्र वारा सावजाकडून सिंहाकडे वाहात असेल तेव्हा शिकार साधण्याचे प्रमाण अधिक असते. दाट जंगलातल्या एकट्या वाघाची अशी मोजदाद करणे महाकठीण. कॉर्बेट यांचा अनुभव आणि शेल्लर यांची गणती यांत निवड करण्याचे कारणही नाही. वाघ वारा पाहून येवो अथवा न येवो, वारा चुकीचा असताना आलेला वाघ बहुधा उपाशी परततो आणि हरणाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे असते.

माणसाच्या दृष्टीने ते पुरेसे नाही. मोहफुले वेचायला गावकरीही पहाटेच निघतात, कारण फुले तेव्हाच पडलेली असतात आणि उशीर झाला तर ती जनावरे खाऊन जातात. पुढे मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याचा हंगाम. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत या दोन्ही कामांसाठी जंगलात गेलेली माणसे, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने, वाघाच्या हल्ल्यांत बळी पडली आहेत. खाली वाकून फुले वेचणारी व्यक्ती उंचीने हरणाएवढीच दिसते. पण हरणाला पाठीमागच्या झुडपाची बातमी वारा देतो. तिला तो काहीच सांगत नाही. एकट्याने न जाता गटाने जावे, आपसांत मोठ्याने बोलत राहावे, एकाने उभे राहून पहारा करावा, अशा सूचना वन विभाग देत असतो. त्यांचा अर्थ हाच, की नाकाची उणीव कानांनी आणि डोळ्यांनी भरून काढायची. चितळ आणि वानर यांच्यात जी भागी आहे तीच माणसांनी आपसांत करायची.

अशा धोक्याच्या सावलीत खाणे म्हणजे प्रत्येक घासाला किंमत मोजणे. १९९५ साली अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे पुन्हा आणून सोडण्यात आले, त्यानंतर तेथील एल्क या मोठ्या हरणांच्या पिलांसह असलेल्या माद्या चरण्याचा वेळ कमी करून मान वर करून पाहण्यात अधिक वेळ घालवू लागल्या. जॉन लाँड्रे आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यावरून ‘भीतीचा भूगोल’ अशी कल्पना मांडली. जंगलाच्या नकाशावर डोंगर आणि खोरी असतात तसे भक्ष्याच्या मनातल्या नकाशावर भीतीचे उंचवटे आणि निर्धास्तपणाचे सखल भाग असतात, असा तिचा आशय. तिच्या व्याप्तीबद्दल पुढे बरेच वाद झाले आणि ते अद्याप मिटलेले नाहीत. पण एक गोष्ट तिच्यात भर घालण्याजोगी आहे. हा नकाशा स्थिर नसतो. सकाळी जो बांबूचा रांजी निर्धास्त होता तोच, वारा फिरताच, सायंकाळी भीतीचा होतो. कारण त्याच्या पलीकडे काय आहे हे आता कळेनासे झालेले असते.

हा सारा प्रश्न जंगलाच्या हद्दीवर येतो तेव्हा तो शेतकऱ्याच्या ताटातला होतो. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा यांच्या भोवतालच्या गावांत सोयाबीन, तूर, हरभरा, धान ही पिके जंगलातल्या कुरणापेक्षा कितीतरी अधिक पौष्टिक असतात आणि वाघाचा वास तेथे क्वचितच असतो. चितळाच्या हिशेबाने याहून चांगले कुरण कोणते? तेथे वास असतो तो माणसाचा आणि कुत्र्याचा. रात्री माणूस झोपतो हे चितळे, रोही आणि रानडुकरे लवकर शिकतात. मग जागल आली. शेतात चार खांबांवर माळा बांधायचा, थंडीत घोंगडी पांघरून बसायचे, टिनाचा डबा वाजवायचा, बॅटरी फिरवायची आणि दिवसा पुन्हा शेतातच राबायचे. पीक घरात येईपर्यंतची ही झोपमोड कोणत्याही पंचनाम्यात मोजली जात नाही.

त्यावर उपाय म्हणून वासाची कुंपणे पुढे आली. कोणी सलूनमधून आणलेले माणसाचे केस बांधावर टाकतात, कोणी सडक्या अंड्यांचे पाणी फवारतात, कोणी गोवऱ्यांवर मिरच्या टाकून धूर करतात. फोरेट या दाणेदार कीटकनाशकाच्या पुरचुंड्या काठ्यांना बांधण्याची पद्धत तर सर्रास होती. हे द्रव्य माणसासाठीही अतिशय विषारी असून ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. या उपायांपैकी कुजक्या अंड्यांना शास्त्राचा थोडा आधार आहे. प्रथिने कुजताना सुटणारे गंधकयुक्त वास शाकाहारी प्राण्याला मांसभक्षकाची आठवण करून देतात आणि अमेरिकेत अंड्यांपासून बनविलेली हरीण-प्रतिबंधके चाचण्यांत इतरांपेक्षा सरस ठरलेली आहेत. तरीही शेतकऱ्यांचा अनुभव बहुधा एकसारखा असतो: पहिले काही दिवस गुण येतो, नंतर येत नाही.

याची कारणे वरच्या विवेचनातच आहेत. पहिले, सवय. ज्या वासामागून कधीच कोणी येत नाही तो वास काही दिवसांत पोकळ धमकी ठरतो. जंगलात वाघाचा वास शिळा होत नाही, कारण त्यामागे कधीतरी वाघ खरोखर असतो. दुसरे, भूक. जानेवारीनंतर जंगलातले गवत वाळून कडक होते, तेव्हा भीतीची किंमत मोजूनही हरभऱ्याचा कोवळा शेंडा परवडतो. तिसरे कारण वारा, आणि याचा विचार सर्वांत कमी होतो. बांधावर चोहोबाजूंनी पुरचुंड्या टांगल्या तरी वास चोहोबाजूंना जात नाही. तो एकाच बाजूला वाहून जातो. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या बाजूने येणाऱ्या कळपाला तो दूरवरून जाणवतो. ज्या बाजूने वारा शेतात शिरतो त्या बाजूने येणाऱ्या कळपाला तो बांधापाशी पोहोचेपर्यंत जाणवतही नाही आणि तेव्हा तूर चार पावलांवर असते. त्यात रात्री हवा पडते. निश्चल, थंड हवेत वास पुरचुंडीभोवतीच घुटमळतो आणि दोन काठ्यांमधली जागा उघडी पडते.

येथे ऋतूंचाही हिशेब येतो. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि दिवाळीच्या सुमारास तो फिरून ईशान्येकडून येऊ लागतो. सोयाबीन राखताना जून-जुलैत बसविलेली मांडणी तूर-हरभऱ्याच्या हंगामात तशीच राहिली, तर तिची राखणीची बाजू आणि कच्ची बाजू यांची अदलाबदल झालेली असते. जंगल शेताच्या कोणत्या अंगाला आहे हे कधी बदलत नाही; वारा बदलतो. ज्या शेताच्या नैर्ऋत्येला जंगल आहे तेथे हिवाळ्यात शेतावरून जंगलाकडे वास जातो. तोच वारा पिकाच्या कोवळेपणाची वार्ताही घेऊन जातो आणि राखणदाराचीही. ज्याच्या ईशान्येला जंगल आहे त्याला मात्र कळप बांधावर येईतो आपली चाहूल लावता येत नाही. त्याला आवाज आणि उजेड यांवरच विसंबावे लागते, किंवा चांगले कुंपण घालावे लागते. शासनाच्या अनुदानावर जाळीचे किंवा सौर कुंपण मिळविण्याचा मार्ग आहे, पण तो सर्वांपर्यंत पोहोचलेला नाही. ज्यांना तो मिळत नाही त्यांच्यापैकी काही जण तारेत थेट वीज सोडतात. अशा तारांनी विदर्भात वाघही मेले आहेत आणि माणसेही.

नागपूर-चंद्रपूरच्या कित्येक शेतांच्या भोवती जुन्या साड्या ताणून बांधलेल्या दिसतात. रंगीबेरंगी पदर वाऱ्यावर फडफडत असतात. त्यांचा गुण रंगात आहे असे पुष्कळांना वाटते. चितळाचे रंगज्ञान माणसाहून उणे असते. त्याला खटकते ती हालचाल, फडफड आणि कापडाला चिकटलेला माणसाचा वास. तिन्ही गोष्टी वाऱ्यावर अवलंबून. वारा असेपर्यंत साड्या राखण करतात. मध्यरात्रीनंतर वारा पडला, की नुसत्या लोंबकळतात. जागलीला बसणारा अनुभवी शेतकरी हे जाणून असतो. तो तिन्हीसांजेला माळ्याखाली गोवऱ्यांचा धूर करतो, तो कोणत्या बाजूला कलतो ते पाहतो आणि रात्रीची फेरी धूर न जाणाऱ्या बाजूने घालतो. धूर सरळ उभा चढू लागला, की त्या रात्री झोप नाही हे त्याला कळते.